प्रांजली कुणाची

"प्रांजली, बंद हो!" असं मागून कुणीतरी ओरडलं आणि उस्मानपुऱ्याच्या सिग्नलला स्कूटीवर थांबलेली ती मान वळवून "काय?" म्हणाली. मागे मोटरसायकलवर एक पन्नाशीचा गृहस्थ होता. हेल्मेट कपाळावर सरकवलेलं, पोट टाकीवर टेकलेलं. तो तिच्याशी बोलतच नव्हता. हँडलला अडकवलेल्या मोबाइलशी बोलत होता. मोबाइलमधून एका बाईचा स्वच्छ, गोड, कधीही न दमणारा आवाज आला, "ठीक आहे, गाणी बंद करते." गृहस्थानं आधी मोबाइलकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि ती का वळली हे त्याच्या लक्षात आलं तसं त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं, सांडलेलं तेल फरशीवर पसरतं तसं, सावकाश, सगळ्या बाजूंनी. "तुमचं पण नाव तेच का?" तिनं तोंड फिरवलं. दिवा हिरवा झाला. तो तिला घासून पुढे गेला आणि जाताना कुणाला तरी, बहुधा सगळ्या सिग्नललाच, सांगून गेला, "बंद हो म्हटलं तर चालू झाली!" दोघंतिघं हसले. बाजूच्या रिक्षातली एक बाईसुद्धा हसली, तोंडाला पदर लावून. सकाळी खाल्लेल्या पोह्यांची चव प्रांजलीच्या घशाशी आली आणि हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडी लावेपर्यंत तिथंच राहिली.

खरं तर एवढ्याशा गोष्टीचं काही वाटून घ्यायला नको होतं. दोन महिने हेच चाललं होतं. पुण्याच्या एका कंपनीनं मराठी बोलणारा डबा बाजारात आणला होता. गोल, पांढरा, निळा दिवा लागणारा. दिवाणखान्यात ठेवायचा आणि त्याला म्हणायचं, प्रांजली, पंखा लाव, प्रांजली, उद्या पाऊस आहे का, प्रांजली, पोराला पाढे म्हणून दाखव. दक्षिणेतल्या एका मोठ्या कंपनीचं मोबाइलमधलं अॅपही त्याच नावाचं होतं, आणि नाव आधी आम्ही नोंदवलं असं म्हणून ती कंपनी कोर्टात गेली. कोर्टानं पुढच्या तारखेपर्यंत डब्याची विक्री थांबवली. एवढंच. दोन कंपन्यांचं भांडण, वकिलांचं काम. पण थांबवलेल्या डब्यासाठी माणसं अशी पेटली की जणू कुणी घरातून पोरगी उचलून नेली होती. आणि माणसं बोलतही तशीच होती, हे प्रांजलीला पहिल्याच दिवशी दुपारच्या जेवणाच्या वेळी कळलं. तिनं सहज मोबाइलवर बातमी उघडली आणि खालच्या प्रतिक्रिया वाचत गेली. प्रांजलीला आम्ही सोडणार नाही. प्रांजली मराठीच, हात लावून दाखवा. आधी नोंदणी केली म्हणजे काय लग्न झालं का? दोघांनी वाटून घ्या ना, भांडता कशाला. आमच्याकडे पाठवा एक रात्र, आम्ही ठरवतो कुणाची ते. त्याखाली हसऱ्या तोंडांच्या ओळीच्या ओळी. तिच्या हातातला भाकरीचा तुकडा तसाच राहिला. एकानं त्या डब्याला काय काय विचारलं ते रेकॉर्ड करून टाकलं होतं, आणि प्रत्येक घाणेरड्या प्रश्नाला तो आवाज तितक्याच नम्रपणे म्हणत होता, "मला समजलं नाही, पुन्हा सांगाल का?" तिच्यासोबत काम करणारी मेघा शेजारून वाकून ऐकत होती. तिनं कोपरानं ढोसलं, "अय, तुझंच चाललंय सगळीकडं!" मेघाच्या मनात काही नव्हतं. हसून झाल्यावर तिनं लोणचंसुद्धा दिलं. पण त्या दिवसापासून प्रांजलीनं अॅप्रनवरची नावाची पट्टी काढून पर्समध्ये टाकली.

ती हाडांच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होती. दिवसभर लोकांचे गुडघे, खांदे, पाठी. मोडून जुळलेले, बदललेले, आखडलेले. माणसाच्या शरीराची किळस तिला कधीच आली नव्हती. घामेजलेल्या काखा, खरूज, महिनाभर प्लास्टरखाली राहिलेल्या पायाचा तो आंबूस, मेलेल्या कातडीचा वास, सगळं तिनं निमूट हाताळलं होतं. पण अलीकडे तिला अडचण होऊ लागली होती. कातडीची नव्हे, तोंडांची. राजेंद्र काकांचा गुडघा बदलून सहा आठवडे झाले होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले सभ्य गृहस्थ. तिला अहोजाहो करत, दौलताबादचे पेरू आणून देत. तिनं त्यांची पोटरी एका हातात धरली, दुसरा हात मांडीवर ठेवला आणि गुडघा हळूहळू दुमडायला सुरुवात केली. "बघा," ते म्हणाले, "आपल्या भाषेतलं इतकं सुंदर नाव. परक्यांनी पळवून न्यायचं आणि आपण बघत बसायचं? मी तर सही केली बुवा नाव वाचवायच्या त्या अर्जावर." तिनं गुडघा आणखी थोडा दुमडला. "आई ग! प्रांजली, जरा हळू!" ते कळवळले, तिनं हात सैल केला, आणि कळवळतानाच त्यांना सुचलं. डोळे बारीक करून ते म्हणाले, "ऐकते बघा. आमच्या घरच्या डब्यापेक्षा ही चांगली ऐकते." पलीकडच्या खाटेवरचा पेशंट खळखळून हसला. राजेंद्र काकांच्या गुडघ्यावरचा लांबलचक शिवणीचा वळ तिच्या तळव्याखाली गरम, गुळगुळीत लागत होता. आणखी दोन बोटं दाब दिला तर हे हसू कुठं जाईल, ते तिला नेमकं ठाऊक होतं. तिनं दाब दिला नाही. मोजून दहा वेळा गुडघा दुमडला, सरळ केला, आणि मग बेसिनपाशी जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. घाण हातांवर नव्हती, हे कळत असूनही धूत राहिली.

नाव तिच्या बापानं ठेवलं होतं. बाप म्हणजे मुंजाबा, गंगापूरच्या पलीकडं, गोदावरीच्या अंगाला, मेंढरं वळणारा. बारा-चौदा वर्षांचा असताना त्याच्या कळपानं कुणाच्या तरी उभ्या ज्वारीत तोंड घातलं होतं. मारुतीच्या देवळापुढं बैठक बसली. सगळे मेंढके म्हणत होते, आमची नव्हती, दुसऱ्याची होती, अंधार होता. मुंजाबा उठून म्हणाला, माझीच होती, मला झोप लागली. तेव्हा शाळेतले एक मास्तर म्हणाले होते, "पोरगं प्रांजळ आहे हो, सोडा त्याला." त्या शब्दाचा अर्थ त्याला माहीत नव्हता. परतताना त्यानं मास्तरांना गाठून विचारलं. मास्तर म्हणाले, ज्याच्या पोटात एक नि ओठात दुसरं नसतं, तो. पुढं कितीतरी वर्षं मुंजाबानं तो शब्द जवळ ठेवला, कुणाला न सांगता. मुलगी झाली तेव्हा तो गंगापूरच्या दवाखान्यात गेला आणि नाव विचारलं तेव्हा म्हणाला, प्रांजळ. नर्सबाई म्हणाली, पोरीचं नाव आहे, प्रांजली करू या. तो बरं म्हणाला. घरात ते कुणाला धड म्हणता आलं नाही. आई, बानाबाई, तिला अजून पांजले म्हणते. पण बाप म्हणायचा. जोडाक्षरावर किंचित थांबून, पाण्यातल्या दगडावर पाय ठेवून पलीकडं जावं तसा, तो पूर्ण नाव म्हणायचा. लहानपणी माळावरून तिला हाक आली की मेंढरंसुद्धा माना वर करत. बारावीला, कॉलेजला, पहिल्या पगाराला, प्रत्येक ठिकाणी कुणीतरी म्हणालं होतं, तुमच्यात इतकं छान नाव? आणि त्या 'तुमच्यात'चा काटा टोचूनही तिला बरं वाटलं होतं. आता तेच नाव दुकानांच्या पाट्यांवर, टी-शर्टांवर, शाळकरी पोरांच्या तोंडात होतं. गुलमंडीत एका मिठाईवाल्यानं 'प्रांजली पेढा' काढला होता. एकाच वेळी इतक्या तोंडांतून गेलेली वस्तू परत आपल्या तोंडात घालायची, असं तिला स्वतःचं नाव सांगताना होई.

मग क्रांती चौकात तो फ्लेक्स लागला. आडवा, दोन खांबांच्या मध्ये ताणलेला. डावीकडं हात जोडलेल्या पोरांचे पंधरा-वीस चेहरे, उजवीकडं एका मोठ्या चेहऱ्याचा गॉगल, मध्ये तो पांढरा डबा आणि भगव्या अक्षरांत: प्रांजली आमच्या हक्काची, नाही कुणाच्या बापाची! ती त्याखालून गेली तेव्हा नव्या फ्लेक्सचा तो रबरी, गोडसर वास वाऱ्याबरोबर अंगावर आला. ही ओळ तिनं आयुष्यात शंभर मागण्यांसाठी ऐकली होती. पाण्यासाठी, रस्त्यासाठी, विद्यापीठासाठी. पण आता ती वाचताना तिला मेंढरं आठवली. दोन कळप वाटेत मिसळले की माळावर गलका होई, आणि एकेकीचा कान धरून, पाठीवरचा गेरूचा पट्टा बघून विचारलं जाई, ही कुणाची? ही कुणाची? कानाची चीर ज्याची, त्याची मेंढी. मेंढरू मध्ये उभं राही, थरथरत, दोघं त्याचे दोन पाय ओढत असत. तिला तेव्हाही ते बघवत नसे. बापाला म्हणायची, तिलाच विचारा ना. बाप म्हणायचा, तिला कुठं बोलता येतंय पोरी. चौकातल्या रहदारीत, धुरात, मागच्या हॉर्नच्या गोंगाटात ती त्या अक्षरांकडं बघत राहिली. आपल्या कानाला कुणीतरी हात लावलाय असं तिला वाटलं, आणि तिनं खरोखरच कानावरचे केस झटकले.

आबांच्या, म्हणजे तिच्या बापाच्या, डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. त्यांना दाखवायला आण, असं ती अंगदला, धाकट्या भावाला, कधीपासून सांगत होती. अंगद वाळूजला कंपनीत होता. त्याला सुट्टी नव्हती. म्हणून आबा एकटेच एसटीनं आले. तिनं सांगितलं होतं, स्टँडवर थांबा, मी दुपारी येते. पण ते थांबणाऱ्यातले नव्हते. जन्मभर चाललेला माणूस; रिक्षात बसायला त्यांना कोंडल्यासारखं होई. धोतर, पटका, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, विचारत विचारत ते क्रांती चौकापर्यंत आले. दुपारी ती एका पोराच्या मनगटाला शेक देत होती तेव्हा फोन वाजला. अनोळखी नंबर. "नमस्कार ताई. तुमचे वडील आमच्या ऑफिसात आहेत. घाबरू नका, सुखरूप आहेत. पण त्यांनी जरा गडबड केलीये." आवाज मऊ होता. इतका मऊ, की शेक अर्धा टाकून ती निघाली.

ऑफिस पैठण गेटजवळ एका मोबाइलच्या दुकानावर होतं. जिना अरुंद, कोपऱ्याकोपऱ्यात गुटख्याच्या पिचकाऱ्या. वर एसी, अगरबत्ती आणि अत्तराचा वास एकात एक मिसळून घुसमटलेला. आबा प्लास्टिकच्या खुर्चीवर अगदी कडेला बसले होते. पटका मांडीवर होता आणि उघडं पडलेलं पांढरं डोकं तिला एकदम खूप लहान दिसलं. बाहेरच्या माणसांत पटका काढलेला बाप तिनं कधी पाहिला नव्हता. टेबलामागून एक तिशीतला माणूस उठला. फ्लेक्सवरचा मोठा चेहरा, फक्त गॉगल नव्हता. "बसा ताई. मी प्रणय. अरे, चहा सांग रे ताईंना." भिंतीशी टेकून चारपाच जण उभे होते, सगळे मोबाइलमध्ये. टेबलावर तो पांढरा डबा होता.

प्रणयनं तिला व्हिडिओ दाखवला. पानटपरीवाल्यानंच काढलेला. आधी टपरीवाल्याचा आवाज येतो: "क्या पढ रहे चाचा? वो मशीन का नाम है, मशीन का. सब पूछ रहे, किसकी है करके." मग हसणं. म्हातारा बराच वेळ वर बघत उभा असतो, तोंडातल्या तोंडात अक्षरं लावत. मग तो काठी उचलतो आणि झाडाची फांदी ओढावी तशी फ्लेक्सच्या दोरीत अडकवून ओढतो. एका खांबाची दोरी सुटते, फ्लेक्स टर्रकन फाटतो. सगळे चेहरे एकदम सुरकुततात. पोरं धावत येतात, कुणीतरी पटक्याला हात घालतं, आणि त्या झटापटीत म्हातारा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत असतो, "उतरवा. नाव हाय ते. नाव हाय ते. उतरवा."

"आता हे बाहेर गेलं तर लोक काय म्हणतील?" प्रणय म्हणाला. "समोरच्या कंपनीनं माणूस पाठवला म्हणतील. पोरं तर पोलिसात चला म्हणत होती. मी म्हटलं, वयस्कर माणूस आहे, थांबा. पण काका काही बोलतच नाहीत. का फाडलं, सांगत नाहीत. लेकीचा नंबर दिला, लेकीचं नाव विचारलं तर तेही सांगत नाहीत." तो हसला. दात एकसारखे, पांढरे. "तुमचं नाव काय, ताई?"

आबांनी मान वर केली नाही. पण पटक्यावरची त्यांची बोटं थांबली. आणि प्रांजलीला पुढचं सगळं स्पष्ट दिसलं, जणू ते होऊन गेलं होतं. तिनं नाव सांगितलं की या माणसाचा चेहरा उजळेल. खरी प्रांजली! भिंतीशी टेकलेले सगळे मोबाइल एकदम वर होतील. फाडणारा म्हातारा क्षणात खऱ्या प्रांजलीचा बाप होईल, त्याच्या गळ्यात हार पडेल, तिच्या हातात डबा दिला जाईल. परवाच नांदेडच्या एका प्रांजलीला त्यांनी असंच शोधून काढलं होतं. केक कापताना ती लाजत हसत होती, आणि त्याखाली हजारो माणसांनी तिचे ओठ, तिची कंबर, तिची जात आणि तिची किंमत यांवर लिहिलं होतं. प्रांजलीनं ते सगळं वाचलं होतं, शेवटपर्यंत, थुंकीकडं बघवत नाही आणि नजरही हटत नाही तसं. आता ती सगळी तोंडं या खोलीत होती, अजून मिटलेली. एका शब्दानं उघडतील.

"दगडाबाई," ती म्हणाली.

तो शब्द कुठून आला, ते तिला कळलं नाही. दगडाबाई तिची आजी, बापाची आई. तिच्याआधीची तीन भावंडं गेली म्हणून हिला तरी मरणानं दगड समजून सोडावं, यासाठी ठेवलेलं नाव. आजीला जाऊन किती वर्षं झाली होती. भिंतीशी एकजण फिस्सकन हसला. प्रणयनं त्याला डोळ्यांनी दाबलं, पण त्याचे स्वतःचे ओठ हलत होते. "दगडाबाई? आजच्या काळात?"

"आमच्यात ठेवतात," ती म्हणाली.

हे 'आमच्यात' तिच्याच तोंडातून बाहेर पडलं. जन्मभर लोकांनी जे तिच्याकडं टाकलं होतं, ते तिनं स्वतः उचलून अंगावर घेतलं होतं, आणि ते फिट्ट बसलं. खोलीतला ताण लगेच सैल झाला. मेंढकं माणूस, अडाणी, लेकीचं नाव दगडाबाई. यात कंपनी कुठून येणार? "त्यांना दिसत नाही," ती बोलत गेली, खालच्या मानेनं, गावाकडच्या हेलात. "डोळ्यात मोतीबिंदू हाय. कायतरी दुसरंच वाचलं आसंल. चुकलं त्यांचं. माफ करा, साहेब." साहेब हा शब्दसुद्धा तिनं वापरला. चहा आला. त्यावर साय धरली होती. प्रणय तिच्याकडं कनवाळूपणे बघत होता आणि ती कनवाळू नजर तिच्या हातांवरून, गळ्यावरून गोगलगाईसारखी ओलसर सरकत होती.

"ठीक आहे, ताई. माणूस चुकतो. एक छोटं काम, मग घरी घेऊन जा. काकांनी फक्त मोबाइलकडं बघून म्हणायचं, चुकलं, आणि प्रांजली आमचीच. बस. लोकांचा गैरसमज जाईल."

कुणीतरी पटका आबांच्या डोक्यावर ठेवला, वेडावाकडा. कुणीतरी मोबाइल धरला. आबांनी पहिल्यांदाच तिच्याकडं पाहिलं. त्या धुरकट झालेल्या डोळ्यांना ती किती दिसत होती, कोण जाणे. मग ते मोबाइलकडं वळले. "चुकलं," ते म्हणाले. थांबले. "प्रांजली आमचीच." जोडाक्षरावर ते नेहमीसारखे किंचित थांबले, आणि आवाज फुटला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. टेबलावरच्या डब्याचा निळा दिवा लागला आणि डबा म्हणाला, "हो, बोला, मी काय करू?" सगळी खोली हसण्यानं फुटली. प्रणयसुद्धा मान मागं टाकून हसला. त्याच्या टाळूपर्यंतचं सगळं लालसर, ओलं दिसत होतं. प्रांजलीनं बापाच्या दंडाला धरून त्याला उठवलं.

स्कूटीवर आबा मागं बसले. काठी आडवी मांडीवर. जालना रोडच्या गर्दीत ते ती सावरत राहिले. मग तिच्या कानाशी म्हणाले, "लाज वाटली व्हय नावाची?"

"नाय आबा."

"मंग?"

तिनं एका रिक्षाला वाट दिली. "त्यांच्या तोंडात द्यायचं नव्हतं," ती शेवटी म्हणाली.

"म्या बी नाय दिलं," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा, "लई दाबून विचारत व्हते. नाय दिलं." तिनं उन्हामुळं रुमालानं तोंड बांधलं होतं. त्याखाली ती रडत होती की नुसती तोंडानं श्वास घेत होती, तिलाच सांगता आलं नसतं. आपण जे केलं ते त्यांना वाचवायला केलं की स्वतःला, याचा तिला उलगडा होत नव्हता. आणि ज्या माणसानं ज्वारीत शिरलेली मेंढरं माझीच म्हणून सांगितली होती, त्याच्यासमोर आपण सराईतपणे, आवाज न चढवता, खाली मान घालून खोटं बोललो, हे तोंडातून जात नव्हतं. कडू, धातूसारखं, जिभेच्या मुळाशी.

संध्याकाळी अंगदचा फोन आला. व्हिडिओ त्याच्या कंपनीतल्या ग्रुपवरसुद्धा पोचला होता. "येडा म्हातारा म्हणायलेत लोक आबाला! आन तू तिथं असून गप? आगं, मीच ती म्हणायचं ना! टीव्हीवर घेतलं असतं तुला. नशीब दारात आलं व्हतं, ताई." पलीकडं त्याचे मित्र होते, बोलणं ऐकत असावेत. "ठेवते," ती म्हणाली. आबा मोरीजवळ बसून पाय धूत होते. त्यांनी ऐकलं होतं. "काय म्हनतंय पोरगं?" "काही नाय. जेवलात का विचारत होता." हे आणखी एक खोटं, आणि ते पहिल्यापेक्षा सोपं गेलं. तिनं पिठलं केलं, भाकरी केल्या. आबा हळूहळू, तुकडे मोडून जेवले. तिनं आपलं ताट झाकून ठेवलं. खिडकीखालून कुणाच्या तरी घरातला डबा उद्याचं हवामान सांगत होता.

सकाळी ती त्यांना डोळ्यांच्या धर्मादाय दवाखान्यात घेऊन गेली. रांग मोठी होती. आजूबाजूच्या तालुक्यांतून आलेली म्हातारी माणसं, हिरव्या पट्ट्या, फिनेलचा वास. येताना वाटेत आबा काहीतरी पुटपुटत होते आणि ते देवाचं काही म्हणत असतील असं तिला वाटलं होतं. काउंटरवरच्या माणसाच्या गालात तंबाखूचा मावा होता. तोंड वर करून, ओठ न उघडता तो बोलत होता. नाव? मुंजाबा. वय? असंल सत्तरच्या आतबाहेर. गाव? सांगितलं. "सोबत कोण?"

"लेक हाय," आबा म्हणाले. तिनं तोंड उघडायच्या आत, न अडखळता, सरळ त्या माणसाकडं बघून ते म्हणाले, "दगडाबाई."

वाटभर ते हेच घोकत आले होते. आपल्या लेकीला जिथं तिथं नाव लपवावं लागणार असेल तर ते आपल्यालाही जमलं पाहिजे, म्हणून. सत्तर वर्षांचा माणूस चुकू नये म्हणून रस्त्यानं खोटं पाठ करत आला होता आणि आता ते नीट म्हणता आलं म्हणून तिच्याकडं बघून त्यानं हलकेच मान डोलावली. काळजी करू नको, असं. तिला वाटलं इतके दिवस जी शिसारी येत होती ती काहीच नव्हती. त्या गृहस्थाचं हसू, त्या प्रतिक्रिया, राजेंद्र काकांचा विनोद, प्रणयची टाळू, ते सगळं फार तर अंगावर उडालं होतं. हे आत पोचलं होतं. त्या सगळ्यांनी मिळून, आणि त्यांच्याबरोबर तिनं, या माणसाच्या तोंडात हे घातलं होतं.

काउंटरवरच्या माणसानं 'द' लिहिला होता.

"ते खोडा," ती म्हणाली. "प्रांजली लिहा."

पेन थांबलं. त्यानं वर पाहिलं. आबांचा हात तिच्या दंडावर आला, नको नको म्हणत. त्या माणसाच्या डोळ्यांत तो विनोद उगवताना तिला दिसला. मग गाल हलला, मावा एका बाजूचा दुसऱ्या बाजूला गेला, आणि ओठ फाकून तपकिरी दात बाहेर आले. "प्रांजली?" त्यानं मागच्या खुर्चीवरच्या माणसाला ऐकू जाईल असं म्हटलं. "कुणाची?" मागचा हसला. रांगेतलेही दोघंतिघं हसले. तपकिरी थेंब काउंटरच्या काचेवर उडाले.

तिनं नजर हटवली नाही. तो हसत असताना त्याच्या तोंडाकडं ती बघत राहिली, हसू ओसरून तिथं नुसतं तोंड उरेपर्यंत.

"प्रांजली," ती पुन्हा म्हणाली. "लिहा."

त्यानं लिहिलं. रांग पुढं सरकली.